कधीपासून

"उजवा डोळा झाका आणि वरून तिसरी ओळ वाचा," ती म्हणाली. खुर्चीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आता भाषणच करायचंय अशा थाटात घसा साफ केला, पहिलं अक्षर बरोबर वाचलं आणि दुसरं चुकवलं. त्याच वेळी बाहेरच्या टीव्हीवरून तो आवाज आत आला. बाहेर गिऱ्हाइकं चष्म्याच्या फ्रेमी चढवून आरशात स्वतःला न्याहाळत असायची आणि मधलं दार नीट लागत नव्हतं. मालक बरेच दिवस सुताराला बोलावतो म्हणत होता. आवाज तिच्या चांगल्या ओळखीचा होता. वाक्याच्या मधोमध थांबायचं, ऐकणाऱ्याला वाटावं की या माणसाचा गळा दाटून आलाय, आणि मग उरलेले शब्द अलगद खाली ठेवायचे. "हे युद्ध," आवाज म्हणाला आणि थांबला, "चूक होती. आणि त्या चुकीत माझाही हात होता." तिच्या हातात भिंग होतं. ते तिने गृहस्थांच्या नाकावरच्या जड चौकटीत सरकवलं. "आता बरं दिसतंय की मघाशी बरं होतं?" "मघाशी," ते म्हणाले. "थांबा, आता. छे हो, सारखंच वाटतंय." तिने भिंग काढलं, दुसरं घातलं, पुन्हा तेच विचारलं. पुढची अक्षरं त्यांनी धडाधड वाचली आणि खूश होऊन म्हणाले, "म्हणजे अजून चार दिवस आहेत म्हणायचे माझे." ती हसली. हसायच्या जागी ती हसत असे. ते तिला दोन वर्षांत जमून गेलं होतं. त्यांचा नंबर तिने कागदावर उतरवला, आकडे नेहमीसारखे गोल आणि सुवाच्य आले, आणि गृहस्थ गेल्यावर ती त्यांच्याच खुर्चीत बसली. कोपर कुठेतरी आपटलं की कळ यायच्या आधी एक क्षण असतो. तिला वाटलं, तो क्षण चाललाय. ती वाट पाहत राहिली. कळ आलीच नाही. मालकाने दारातून डोकं घालून विचारलं, "ऐकलंत का? तुमचे खासदार उलटले." मग तिचा चेहरा बघून तो ओशाळला आणि म्हणाला, "बाहेर एक बाई बसल्यात, पाठवू का आत?" ती म्हणाली, "पाठवा."

तुमचे खासदार. तसे ते सगळ्याच भागाचे होते, पण दोन वर्षांपूर्वी ते तिच्या घरी येऊन गेले तेव्हापासून लोक त्यांना तिचे म्हणायला लागले, तेही अशा सुरात की त्यात थोडा मान असायचा आणि थोडी हळहळ. सैन्यात गेलेल्या तिच्या मुलाला पेटीतून आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते आले होते. सोबत दोघं-तिघं होते, त्यांना त्यांनी जिन्यातच थांबवलं. घरात जेमतेम दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ते कुठे बसतील याचीच तिला काळजी वाटली होती, हे तिला स्पष्ट आठवत होतं, आणि अशा दिवशी आपल्याला अशी काळजी वाटते याचं आश्चर्यही. ते सोफ्याच्या खचलेल्या बाजूला बसले. त्या बाजूला मुलगा बसायचा, पाय वर घेऊन, म्हणून ती खचली होती. त्यांनी तिचा हात हातात घेतला, त्यांचा तळवा कोरडा आणि ऊबदार होता, आणि म्हणाले, "आई, हे वाया जाणार नाही. मी जिवंत असेपर्यंत हे वाया जाऊ देणार नाही." ती त्यांच्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. आई म्हटल्याचं तिला काही वाटलं नव्हतं. नवरा मात्र दाराशी उभा राहून ढसाढसा रडला, आणि खासदार उठून त्याच्या गळ्यात पडले. पुढच्याच महिन्यात मैदानावर सभा झाली. आणखी तुकड्या पाठवायच्या की नाही यावर तेव्हा मतदान व्हायचं होतं. तिला व्यासपीठावर खुर्ची दिली होती, तिच्यावरचं प्लॅस्टिक कुणी काढलं नव्हतं, हललं की ते कर्रकर्र वाजायचं, म्हणून ती अजिबात हलली नाही. लांबून बघणाऱ्यांना वाटलं असेल, काय बाई आहे, दगडासारखी. "या आईकडे बघा," खासदार म्हणाले, "आणि मग मला सांगा, आपण माघार घ्यायची का?" नाही, नाही, असा आवाज उठला. मग त्यांनी मुलाचं पूर्ण नाव घेतलं. ते नाव ऐकून हा कोण, असं तिला क्षणभर वाटलं. घरात त्याला कुणीच त्या नावाने हाक मारत नव्हतं. जन्मला तेव्हा डोकं एवढं मोठं, की थोरल्या बहिणीने पाळण्यात डोकावून म्हटलं, भोपळ्या आहे नुसता, आणि तो भोपळ्याच राहिला, मिशा फुटल्या, खांदे रुंद झाले तरी.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा जिन्याच्या तोंडाशी न्हावी उभा होता. तळमजल्यावर त्याचं सलून होतं आणि मागच्या खोलीत तो राहायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती एक मुलगी सैन्यात रुग्णवाहिका चालवायची आणि गेल्या थंडीपासून ती तिकडेच होती. तो इतका बोलका माणूस, की गिऱ्हाइकं म्हणत, याच्याकडे केस कापून घ्यायला जायचं म्हणजे कानही कापून घ्यायचे. पण तिला बघितलं की त्याची बोलती बंद व्हायची. आज त्याने कात्री खिशात टाकली, पुन्हा काढली. "वहिनी, बातमी ऐकलीत ना?" "ऐकली." "खरंच थांबवतील का हो?" ती म्हणाली, "मला काय माहीत, भाऊ." "नाही, तुम्ही त्यांना ओळखता म्हणून म्हटलं." मग घाईघाईने म्हणाला, "पोरगी म्हणते, बाबा, रस्ते इतके वाईट आहेत, मी परत आले की तुमची सायकल विकून टाका, मला चाकंच बघायची नाहीत." आणि हसला. तिच्या लक्षात आलं की आपणही कुणाचं तरी बोलणं असंच सांगायचो, त्याच त्या वाक्यावर हसायचो, ऐकणारा कंटाळला तरी. ती वर गेली.

नवरा टीव्ही बंद करून टीव्हीसमोर बसला होता. पाणीपुरवठा खात्यात उभी हयात गेली त्याची. कुठल्या गल्लीत कुठला व्हॉल्व्ह हे अजून तोंडपाठ, नळाचा आवाज ऐकून तो सांगायचा की वरच्या टाकीत किती पाणी उरलंय. मुलगा गेल्यावर तो खासदारांच्या कचेरीत जायला लागला. खुर्च्या लावायच्या, पत्रकं वाटायची, फोन घ्यायचा; त्याचं कुणी काही लागत नव्हतं तिथे, पण सगळे त्याला काका म्हणायचे आणि तो आला की उठून उभे राहायचे. घरी आल्यावर तो तिला तिकडच्या लढाईचं सांगायचा: कुठली टेकडी घेतली, कुठला पूल पडला. जणू सगळ्या टेकड्या घेऊन झाल्या की मुलगा मोकळा होऊन घरी येणार होता. आज तो म्हणाला, "चहा ठेव." तिने ठेवला. "निवडणूक आहे," तो म्हणाला. "हो." "लोक वैतागलेत. मी कचेरीत बसतो, मला कळतं. फोन येतात, शिव्या घालतात. तो तरी काय करणार? लोकांना हवं ते बोलावं लागतं." तिने कप त्याच्यासमोर ठेवला. तो कपाकडे बघत म्हणाला, "मनातून बदललेला नाही तो. तू बघ. निवडून आला की पुन्हा पहिल्यासारखं. हे सगळं निवडणुकीपुरतं आहे." असं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर आशा होती. सगळी दुनिया त्या माणसाला खोटारडा म्हणत होती, आणि तिचा नवरा, जो त्याला देव मानायचा, तोही देवाकडे एवढंच मागत होता की हा खोटं बोलत असू दे. तिने भाजी चिरायला घेतली. सुरी, पाट, पाण्याची धार, एकामागून एक गोष्टी जागच्या जागी होत्या आणि तिचे हात त्यांच्यामधून फिरत होते. कधी कधी तिला वाटायचं, हे हात दुसऱ्या कुणाचे तरी आहेत आणि ती बाई कामाला चांगली आहे.

तिची स्वतःची मुलगी दोन दिवसांनी दुकानात आली. घरी ती येत नसे. युद्ध सुरू व्हायच्या आधीपासून ती मोर्चात जायची, फलक रंगवायची, एकदा पोलिसांनी उचलून नेलं तर भोपळ्याच तिला सोडवायला गेला होता. तो तिला 'मोर्चा' म्हणायचा. "ए मोर्चा, मीठ दे." "ए मोर्चा, माझा शर्ट तू घातलास का?" दोघांचं जमायचं, हेच मुळी बापाला कळत नसे. मुलाला आणलं त्या दिवशी बाप तिला म्हणाला होता, "तुमच्यासारख्यांच्या घोषणा ऐकत ऐकत मेला असेल तो." त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. ती तपासणीच्या खुर्चीत बसली, समोरच्या तक्त्याकडे बघत म्हणाली, "आई, त्यांच्या कचेरीतून फोन येईल तुला. शेवटच्या सभेला तुला बोलावणार आहेत." "तुला कसं कळलं?" "आमची आणि त्यांची बोलणी चालू आहेत. आम्ही त्यांच्या बाजूने उतरतोय." आईने तिच्याकडे बघितलं. हीच मुलगी, जिने त्या माणसाचं चित्र काढून त्याच्या दातांना लाल रंग दिला होता. "बघू नकोस अशी. मला माहितीये तो कसा आहे. मतचाचण्या झाल्या, वारं कुठून वाहतंय ते कळलं, आणि साहेबांना साक्षात्कार झाला. मला त्याच्या मनाशी काय करायचंय? समोरचा निवडून आला तर आणखी पाच वर्षं हेच. हा आला तर निदान शब्दात अडकलेला असेल. आई, माणसं परत येतील. खोट्या तोंडाने का होईना." आई म्हणाली, "आणि बाबा?" मुलीने पुन्हा तक्त्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "बाबांना हे युद्ध चालू राहायला हवंय, कारण ते थांबलं तर भोपळ्या..." आईने सवयीने दिवा तिच्या डोळ्यांकडे वळवला आणि म्हणाली, "रात्री वाचत जाऊ नकोस, लाल झालेत." मुलगी हसली आणि रडली, दोन्ही एकदम, आणि आईच्या कमरेला मिठी मारून बसली. आईने तिच्या केसांवर हात ठेवला. केस मऊ होते. हे तिने नोंदवलं, जसा नंबर नोंदवायचा तसं.

फोन आला, पण ती लगेच हो म्हणाली नाही. कचेरीतली पोरगी फार गोड बोलत होती, "तुम्ही फक्त बसायचं, काकू, बोलायचं काहीच नाही." ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, एकदा भेटा. घरी नको. दुकानात." का म्हणाली ते तिला नीट सांगता आलं नसतं. गेल्या काही दिवसांत तिच्या मनात एकच गोष्ट हलत होती, अगदी बारीक, डोळ्यासमोर तरंगणाऱ्या कणासारखी. बघायला गेलं की ती बाजूला सरकायची. त्या माणसाने मत बदललं याचा तिला राग नव्हता. मतं बदलतात. तिने स्वतः तरी काय केलं होतं, कर्रकर्रणाऱ्या खुर्चीवर बसून राहिली होती. तिला फक्त एक जाणून घ्यायचं होतं.

ते आले दुपारी, दुकान रिकामं असताना. मालकाने खुर्ची पुसली, चहाचं विचारलं, आणि त्यांनी हसून नको म्हटल्यावर तो बाहेर जाऊन उभा राहिला. ते वाळले होते. गालाखाली कातडी सैल झाली होती, टीव्हीवर ते दिसत नसे. बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून ते तपासणीच्याच खुर्चीत बसले. "आई, तुम्ही बोलावलंत, बरं केलंत," ते म्हणाले. "मलाच यायचं होतं. तोंड नव्हतं." तिने दार लोटलं, ते थोडं उघडं राहिलंच. ती म्हणाली, "मला एकच विचारायचंय. हे चुकतंय, हे तुम्हाला कधीपासून वाटत होतं?"

ते लगेच बोलले नाहीत. हे थांबणं नेहमीचं नव्हतं. त्यात पुढचा शब्द तयार नव्हता. ते तळव्यांकडे बघत राहिले. तिला वाटलं, आता ते काहीतरी छान सांगतील आणि आपण सुटू. पण त्या दिवशी ते दमलेले असतील, किंवा त्या खोलीत लोक खरं सांगायला बसतात, न दिसणारं दिसतंय म्हणून इथे कुणी सांगत नाही, त्याचा काही परिणाम असेल. "पहिल्याच थंडीत," ते म्हणाले. "आम्हा काही जणांना अहवाल दाखवले होते. हे जिंकता येण्यासारखं नाही, असं त्यात सरळ लिहिलं होतं. मी बाहेर येऊन गाडीत बसून राहिलो होतो बराच वेळ." ती म्हणाली, "पहिल्या थंडीत." "हो." "आमचा थंडी सरल्यावर तिकडे गेला." "माहितीये." "तुम्ही धक्क्यावर आला होतात. बोट सुटताना तुमचं भाषण होतं." "हो," ते म्हणाले. धक्क्यावर वारा इतका होता की भाषणातलं काही ऐकू येत नव्हतं, लाउडस्पीकरचा नुसता भोंगा, आणि भोपळ्या कठड्यावरून ओणवून तोंडाने काहीतरी म्हणत होता. ती हात कानामागे नेऊन विचारत होती, काय? काय? तो हसला आणि त्याने हाताने दाखवलं, जाऊ दे. ते काय होतं ते तिला कधीच कळलं नाही.

"तेव्हा बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी संपलो असतो," ते म्हणत होते. "लोकांनी फाडून खाल्लं असतं मला. माझ्या जागी दुसरा कुणी आला असता, आणि तो आज थांबवा म्हणाला नसता. मी स्वतःला हेच सांगत आलो. आता लोक ऐकायला तयार आहेत, आई. आता बोललं तर उपयोग आहे." मग एकदम वर बघून म्हणाले, "तुम्ही हे कुणाला सांगितलंत तर मी संपेन. पण तुम्ही विचारलंत, आणि तुमच्याशी खोटं बोलवेना." ती उभी होती. तिने डोळ्यांत बघायचा दिवा उचलला, तो तिच्या हाताशीच होता, आणि म्हणाली, "वर बघा." ते बावरले, पण त्यांनी वर बघितलं. ती वाकली. बाहुलीच्या आत, तांबूस अंधारात, बारीक रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या पसरल्या होत्या, कुठे सूज नाही, डाग नाही. तिने दोन्ही डोळे पाहिले. "चांगले आहेत," ती म्हणाली. "वाचताना त्रास होत असेल तर साधा चष्मा पुरेल." ते उठले. दाराशी पोचून त्यांनी विचारलं, "सभेला याल?" ती म्हणाली, "कळवते."

घरी नवरा म्हणाला, "आज कचेरीत म्हणत होते, साहेब तुझ्या दुकानात आले होते." ती म्हणाली, "हो. चष्मा लागलाय." "काय म्हणाला?" "काही नाही. सभेला या म्हणाला." तो बराच वेळ बोटांनी टेबलावर ठेका धरत राहिला. "तू जाणारेस?" त्या क्षणापर्यंत तिला माहीत नव्हतं. खालून सलूनमधल्या रेडिओचा आवाज येत होता. हल्ली न्हावी तो फक्त बातम्यांसाठी लावायचा आणि बातम्या संपल्या की पट्कन बंद करायचा, पुढे काही ऐकू येईल या भीतीने. "जाणारे," ती म्हणाली. "अगं, त्याच व्यासपीठावर? तिथेच बसून तू..." "हो, तिथेच." "मग मी कुठे जाऊ?" तो म्हणाला. हे त्याने रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. वाट चुकलेला माणूस परक्या गावात पत्ता विचारतो तसं त्याने विचारलं, आणि तिच्याकडे पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तो कचेरीत जाईनासा झाला. सकाळी बाहेर पडायचा, पाणीपुरवठ्याच्या जुन्या पंपाच्या आवाराबाहेर बाकावर जाऊन बसायचा, जेवायच्या वेळी परत यायचा.

या वेळी खुर्चीवर प्लॅस्टिक नव्हतं. मैदान तेच, गर्दी मागच्यापेक्षा जास्त, आणि पुष्कळ चेहरेही तेच असावेत. दोन वर्षांपूर्वी नाही, नाही म्हणून ओरडलेली हीच माणसं असतील, असं तिच्या मनात आलं, आणि तेही रागाने नाही. पुढच्या रांगेत न्हावी होता. दाढी करून, कोट घालून आला होता, हात मांड्यांमध्ये दाबून बसला होता. मुलगी बाजूला तिच्या लोकांत उभी होती. खासदार बोलायला लागले. आवाज तोच, थांबण्याच्या जागा त्याच. "या आईकडे बघा," ते म्हणाले, "आणि मग मला सांगा, आणखी किती?" गर्दीतून असा काही आवाज उठला की फळ्या थरथरल्या. आणि मग, बहुधा त्यांचंही ठरलेलं नसावं, लोकांनीच बोलू द्या, बोलू द्या असा गलका केला म्हणून, ते वळले आणि त्यांनी माइक तिच्यासमोर धरला. तिने हात पुढे केला तरी त्यांनी माइक लगेच सोडला नाही. ते फक्त तिलाच दिसत होतं.

ती उठली. इतके दिवस जे डोळ्यासमोरून सरकत होतं ते आता स्थिर, अगदी मध्यभागी होतं. यांना पहिल्या थंडीपासून माहीत होतं. पाच-सहा शब्दांचं काम. तेवढ्याने हा माणूस इथेच, या फळ्यांवर कोसळला असता, आणि ती खाली उतरून घरी गेली असती, आणि घरी जाऊन नवऱ्याशेजारी बसली असती. तिने न्हाव्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर आपण त्याच्यासाठी गप्प बसलो असं तिला म्हणता आलं असतं, आणि तेवढंही तिला नको होतं. माइक थंड होता. "आमचा गेला," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मैदानाच्या पार टोकाला जाऊन परत आला, कुणा अनोळखी बाईचा असावा तसा. "बाकीच्यांचे आणा." ती बसली. नंतर लोक सांगायचे की तिथे मोठमोठे पुरुष रडत होते. तिला आठवतं ते एवढंच, की समोर कुणाच्या तरी खांद्यावर एक तान्हं मूल त्या गोंगाटात गाढ झोपलं होतं.

ते निवडून आले, भरपूर मतांनी. त्यानंतर महिना गेला, दुसरा गेला, आणि टीव्हीवर 'टप्प्याटप्प्याने' हा शब्द ऐकू यायला लागला, मग 'परिस्थिती पाहून'. नवरा जेवताना म्हणाला, "बघ, मी म्हटलं होतं." पण त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. मुलगी पुन्हा रस्त्यावर उतरली, या वेळी त्याच खासदारांच्या दारात, त्यांचेच शब्द फलकावर लिहून. त्या मधल्या काळात माणसं मरतच होती. आकडा सांगून निवेदिका हवामानाकडे वळायची. न्हाव्याच्या हातून एकदा एका गिऱ्हाइकाचा गाल वस्तऱ्याने कापला गेला आणि त्याने सलून आठवडाभर बंद ठेवलं. पण शब्दात अडकलेला माणूस शेवटी शब्दात अडकलाच. पहिल्या बोटी आल्या, मग आणखी आल्या, आणि एका दुपारी खालून असा आरडाओरडा ऐकू आला की तिला वाटलं, गेली. ती धावत जिन्यात आली. न्हावी मुलीच्या खांद्यांना धरून गदागदा हलवत होता आणि मुलगी म्हणत होती, "बाबा, सोडा, मान तुटेल माझी."

संध्याकाळी तो मुलीला घेऊन वर आला. पोरगी दारातच उभी राहिली. आत यावं की नाही कळेना तिला. रंग रापला होता, केस अगदी बारीक कापले होते, त्यावरून न्हावी म्हणाला, "बघा वहिनी, न्हाव्याची पोर, आणि असे केस!" कुणी हसलं नाही. तेव्हा नवरा उठला. निवडणुकीपासून तो कुणी आलं की आतल्या खोलीत जायचा. आज तो पुढे आला, सोफ्याची उशी सारखी केली आणि म्हणाला, "ये, बस इथे." ती बसली. मग तो म्हणाला, "तिकडे पाण्याची काय सोय होती गं?" आणि पोरगी जी बोलायला लागली ती थांबेचना. टँकर कसे यायचे, त्यातलं पाणी गंजाच्या वासाचं, पाइप फुटले की खड्ड्यात साचलेलं गाळून प्यायचं, आजारी पडायचे सगळे, तो मध्येच विचारायचा, "पाइप किती इंची? पाणी उकळायचात का नाही?" आणि ती उत्तर द्यायची, हाताने मापं दाखवायची. न्हावी पहिल्यांदाच कुणाचं तरी बोलणं नुसतं ऐकत बसला होता. बोलता बोलता ती म्हणाली, "आमच्यात सगळ्यांना माहीत होतं, काका. काही होणार नाही म्हणून. गेल्या गेल्याच कळायचं." आणि मग आपण कुठे बसलोय ते तिच्या लक्षात आलं आणि ती पांढरीफटक पडली. नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे," तो म्हणाला. "असू दे. मग ते टँकर यायचे कुठून?"

ते दोघं गेल्यावर ती कप विसळायला आत गेली. नवरा मागून आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. नळ बारीक चालला होता. एरवी त्यावर तो काहीतरी बोलला असता. "तू त्याला विचारलं असशील," तो म्हणाला. "दुकानात आला तेव्हा. तू विचारल्याशिवाय राहणारी नाहीस, मी ओळखतो तुला." तिने कप पालथा घातला. दुसरा घेतला. "कधीपासून वाटत होतं त्याला?"

त्याच्याकडे न बघताही तो तिला दिसत होता. दाराच्या चौकटीला टेकलेला खांदा, विरळ झालेले केस, धक्क्यावर त्या वाऱ्यात दोन्ही हात वर करून वेड्यासारखा हलवत उभा होता तोच हा माणूस. आयुष्यात ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. तशी गरजच पडली नव्हती. तिने नळ बंद केला, म्हणजे नीट ऐकू जाईल.

"गेल्या उन्हाळ्यापासून," ती म्हणाली. "आपला गेल्यावर."

"आपला गेल्यावर," तो म्हणाला.

"हो. खूप नंतर."

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिने नजर वळवली नाही. त्याला पटलं की नाही ते तिला कळेना, आणि आता ते कधीच कळणार नाही हे मात्र कळलं, कारण तो पुन्हा विचारणार नव्हता. मग त्याने तिच्या हातातला ओला कप घेतला आणि फडक्याने पुसायला लागला. आतून, बाहेरून, कानाच्या खालच्या बाजूने, कोरडा झाल्यावरही कितीतरी वेळ.